कराची ते जुहू : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

आजच्या भाषणासाठीं मीं एक अगदीं साधा प्रश्न निवडला आहे. एका विमानतळापासून दुसरा विमानतळ किती दूर, आणि तेथें पोहोंचावयास किती वेळ लागतो? प्रश्न दिसतो गणिताचा. परंतु त्याचें उत्तर देऊं लागलें म्हणजे भूगोल आणि इतिहास या दोघांनाही साक्षीस बोलवावें लागतें. उदाहरण म्हणून मीं कराची आणि जुहू हे दोन विमानतळ घेतले आहेत. टाटांच्या विमानटपालाचा आरंभ ह्याच वाटेवर झाला. आणि ह्याच वाटेवर पुढें असें कांहीं घडत गेलें कीं, वेग वाढला म्हणजे वेळ कमी होतो, हा आपला नेहमींचा हिशेब तेथें लागू पडेनासा झाला.

शाळेंत भूगोल शिकवितांना मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारीत असें. मुंबईला जवळचें शहर कोणतें, दिल्ली कीं कराची? बहुतेक सारा वर्ग एका सुरांत ‘दिल्ली’ म्हणून ओरडे. मग मी एखाद्या मुलास पुढें बोलावून पृथ्वीगोलावर दोरा धरावयास सांगे. एक टोंक मुंबईवर, दुसरें दिल्लीवर, आणि दोरा घट्ट ताणलेला. तोच दोरा मग कराचीकडे वळवावयाचा. दिल्लीसाठीं जेवढा दोरा लागला होता त्यांतला जवळजवळ चतुर्थांश हातांत शिल्लक राही. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारें ११३५ किलोमीटर आहे. मुंबई-कराची अवघें ८७५, म्हणजे सुमारें ५४५ मैल. मुलें आश्चर्यानें दोऱ्याकडे पाहात राहात. जें शहर मनांतून दूर गेलेलें असतें, तें नकाशावरही दूरच असलें पाहिजे, अशी आपली नकळत समजूत झालेली असते.

ताणलेल्या दोऱ्यानें मोजलेलें हें अंतर म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आंखूड वाट. विमानतळांच्या कोष्टकांत जे आंकडे असतात ते बहुधा ह्याच वाटेचे असतात. हा आंकडा युगानुयुगें बदलत नाहीं. बदलतो तो वेळ.

एके काळीं मुंबई आणि कराची हीं एकाच इलाख्यांतील दोन बंदरें होतीं. १ एप्रिल १९३६ रोजीं सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला. तोंवर कराचीचा कारभार मुंबईच्या गव्हर्नराच्या हाताखालीं चाले. त्यामुळें नोकरीनिमित्त, व्यापारानिमित्त कितीतरी मराठी कुटुंबें तिकडे जाऊन राहिलीं होतीं. आमच्या शिक्षकी पेशांतील माणसास तर कराचीचें नांव निघालें कीं नारायण जगन्नाथ वैद्य यांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. एकोणिसाव्या शतकांत शिक्षणखात्यांत काम करण्यासाठीं हे गृहस्थ मुंबईकडून सिंधमध्यें गेले, आणि तेथील शाळांच्या उभारणींत त्यांनीं एवढा वांटा उचलला कीं, कराचींतील एक जुनी, मोठी शाळा आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

ह्या दोन बंदरांमधील सरळ सोय म्हणजे आगबोट. समुद्रमार्गें हें अंतर सुमारें ५०० सागरी मैलांचें आहे. ताशीं बारा सागरी मैल चालणाऱ्या बोटीस त्यासाठीं चाळीस तासांहून अधिक वेळ लागणार, हें कोणीही हिशेब करून पाहावें. रेल्वेनें जावयाचें तर गुजराथ, मारवाड आणि थरचें वाळवंट ओलांडून, गाड्या बदलीत, मोठा वळसा घालून जावें लागे.

अशा स्थितींत ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज ह्या ब्रिटिश कंपनीनें लंडन ते कराची विमानटपाल सुरू केलें. हा प्रवास सात दिवसांचा होता, आणि त्यांतही युरोपमधील एक टप्पा आगगाडीनें करावा लागे. तरीसुद्धां विलायतेचें पत्र आठवड्यांत कराचीस येऊं लागलें, ही त्या काळची मोठीच गोष्ट होती. पण तेंच पत्र कराचीहून मुंबईस किंवा मद्रासेस यावयाचें म्हणजे पुन्हां आगगाडीच्या हवालीं होणार. हजारों मैल आकाशांतून आलेली थैली शेवटच्या टप्प्यांत जमिनीवर रेंगाळे.

नेव्हिल व्हिन्सेंट नांवाच्या, पूर्वीं ब्रिटिश हवाई दलांत असलेल्या वैमानिकास ही उणीव दिसली. कराचीचें टपाल तेथून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी ह्या मार्गें मद्रासेपर्यंत विमानानें न्यावें, अशी योजना घेऊन तो टाटांकडे आला. तेथें त्यास जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे तितकेच उत्साही सहकारी लाभले. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं हिंदुस्थानांत दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना त्यांच्याच नांवाचा होता. सर दोराबजी टाटा ह्या नव्या उद्योगास प्रथम फारसे अनुकूल नव्हते. कंपनीचे एक प्रमुख कारभारी जॉन पीटरसन यांनीं त्यांचें मन वळविलें. सरकारशीं दहा वर्षांचा करार झाला, तो १९३२ च्या एप्रिल महिन्यांत.

आणि १५ ऑक्टोबर १९३२ चा दिवस उजाडला. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा एकटेच निघाले. विमान होतें ‘पुस मॉथ’ जातीचें. एका इंजिनाचें, लहानसें. बरोबर उतारू कोणी नाहीं, फक्त टपालाच्या थैल्या. विमानांत रेडिओ नव्हता. वाट दाखविणारें कसलेंही साधन जमिनीवर नव्हतें. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि खालीं दिसणारी जमीन, एवढ्यावरच सारी भिस्त. सिंधु नदीचीं मुखें मागें टाकून, कच्छच्या रणाच्या अंगानें ते अहमदाबादेस उतरले. तेथें पेट्रोलचे डबे बैलगाडींतून विमानापाशीं आणण्यांत आले, आणि हातांनींच तें टांकींत ओतलें गेलें. ताशीं शंभर मैल उडणाऱ्या वाहनाची तहान ताशीं दोन-तीन मैल चालणाऱ्या वाहनानें भागवावी, हें दृश्य त्या काळाचें खरें चित्र आहे. तेथून निघून दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं त्यांनीं जुहूच्या मैदानावर चाकें टेंकलीं. पुढील टप्प्यासाठीं व्हिन्सेंट तयारच होते; थैल्या घेऊन ते बेल्लारीच्या वाटेनें मद्रासेस निघाले.

आतां आपण हिशेब मांडूं. कराची ते अहमदाबाद सुमारें ५९० किलोमीटर, आणि अहमदाबाद ते जुहू सुमारें ४४०. एकूण १०३० किलोमीटर. म्हणजे सरळ दोऱ्याच्या वाटेपेक्षां दीडशेहून अधिक किलोमीटर वळसा पडला. पण हा वळसा अनाठायीं नव्हता. अहमदाबादेस टपाल उतरवावयाचें होतें, पेट्रोल घ्यावयाचें होतें. शिवाय सरळ वाट काठेवाड ओलांडल्यावर अडीचशे किलोमीटर उघड्या समुद्रावरून जाते. एका इंजिनाच्या विमानास ती वाट धोक्याचीच. प्रवासास एकंदर वेळ लागला सव्वासात तास. विमानाचा वेग ताशीं १६५ किलोमीटर धरला, तर त्यांतले सव्वासहा तास प्रत्यक्ष उडण्याचे ठरतात. उरलेला तास चढण्या-उतरण्यांत आणि अहमदाबादेच्या मुक्कामांत गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं. आगबोटीचे चाळीस तास येथें सव्वासातांवर आले!

ह्या हिशेबांत आणखी एक भागीदार असतो, तो म्हणजे वारा. विमान हवेंत पोहत असतें, आणि हवा स्वतः वाहत असते. नदींत नाव चालविणाऱ्यास हें वेगळें सांगावयास नको. ताशीं १६५ किलोमीटर उडणारें विमान स्तब्ध हवेंत कराचीहून अहमदाबादेस साडेतीन तासांच्या थोडें पुढें पोहोंचेल. समोरून ताशीं ३० किलोमीटरांचा वारा असेल तर त्यास जवळजवळ चार तास बावीस मिनिटें लागतील, आणि तोच वारा पाठीशीं असेल तर तीनच तास. केवळ वाऱ्यामुळें एका टप्प्यांत सव्वा तासाहून अधिक फरक! आजचें जेट विमान ताशीं आठशे किलोमीटरांनीं जातें. त्याच वाऱ्यानें त्याच्या वेळांत फार तर तीन-चार मिनिटांचा फरक पडेल. जुने वैमानिक वाऱ्याला देवासारखे भीत, तें उगीच नव्हे.

वेळाचा दुसरा भागीदार म्हणजे जमीन. जुहूचें मैदान समुद्रालगतचें, सखल. पावसाळा आला कीं तेथें पाणी भरे आणि विमानें उतरणें अशक्य होई. मग सगळा संसार, म्हणजे दोन विमानें, मोजके वैमानिक आणि मोजके यांत्रिक, उचलून पुण्यास हालवावा लागे. तेथें येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलींतील मोकळ्या मैदानावर त्यांची सोय होती. ज्या तुरुंगांत सप्टेंबर १९३२ मध्यें पुणें करारावर सह्या झाल्या, त्याच्याच शेजारीं पुढल्या पावसाळ्यांत टपालाचीं विमानें उतरूं लागलीं. जुहूपासून पुणें हवाई मार्गानें सुमारें सव्वाशे किलोमीटर. म्हणजे दरसाल पावसाळा मुंबईचें टपाल तेवढें दूर नेऊन ठेवी!

असें असूनही हा उद्योग नेटानें चालला. पहिल्या पुऱ्या वर्षांत ह्या विमानांनीं सुमारें १ लक्ष ६० हजार मैल प्रवास केला, पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल नेलें आणि १५५ उतारूही वाहिले. ह्याच रोपट्यापासून १९४६ सालीं एअर इंडिया कंपनी उभी राहिली, आणि ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनकडे तिचें विमान झेपावलें.

आतां आजच्या काळाकडे वळूं. त्या जुन्या वाटेचे दोन टप्पे होते, हें श्रोत्यांच्या ध्यानांत असेलच. त्यांतला अहमदाबाद-मुंबई हा टप्पा आज विमानांनीं गजबजलेला असतो. पुस मॉथला ह्या ४४० किलोमीटरांस सुमारें दोन तास चाळीस मिनिटें लागत. आजचें विमान पांचपट वेगानें उडतें. म्हणून एखाद्या मुलास तें अंतर बत्तीस मिनिटांचें वाटेल. प्रत्यक्षांत वेळापत्रकांत सवा तासाच्या आसपासचा वेळ दिलेला असतो. मधला वेळ गेला कोठें? तर वेळापत्रकांतील वेळ हा विमान जागचें हाललें कीं मोजूं लागतात आणि तें दुसरीकडे जागेवर उभें राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणें, आपल्या पाळीची वाट पाहणें, उंची गांठणें, उतरतांना मुंबईच्या गर्दींत घिरट्या घालणें, हें सारें त्यांतच आलें. त्यांत घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता आणि तपासणीच्या रांगा मिळविल्या, म्हणजे वेग पांचपट होऊनही प्रवास पांचपट आंखूड कां झाला नाहीं, तें उमगतें.

आणि दुसरा टप्पा, कराची-अहमदाबाद? येथें आपल्या हिशेबांत तिसरा भागीदार येतो. तो वाराही नव्हे आणि जमीनही नव्हे. तो म्हणजे सरहद्द.

१९४७ सालीं देशाची फाळणी झाली, आणि मुंबई-कराची हा परदेशचा प्रवास झाला. तरीही येणेंजाणें एकदम तुटलें नाहीं. १९६५ च्या युद्धांत राजस्थानांतील मुनाबावहून सिंधमध्यें जाणारी रेल्वे बंद पडली. ती पुन्हां सुरू व्हावयास फेब्रुवारी २००६ उजाडावें लागलें, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें ती पुन्हां थांबली. आकाशाची कथा ह्याहून वेगळी नाहीं. १९७१ च्या जानेवारींत एक भारतीय विमान पळवून लाहोरास नेण्यांत आलें आणि तेथें जाळण्यांत आलें. त्यानंतर फेब्रुवारींत भारतानें पाकिस्तानी विमानांस आपल्या आकाशांतून जाण्याची मनाई केली. हवाई दळणवळण पुन्हां सुरू झालें तें १९७६ सालीं. २००२ व २००३ हीं दोन वर्षें पुन्हां दारें बंद. २०१९ मध्यें फेब्रुवारी अखेरपासून जुलैपर्यंत पुन्हां तोच प्रकार. आणि एप्रिल २०२५ मध्यें पहलगाम येथील हत्याकांडानंतर पाकिस्ताननें २४ तारखेस व भारतानें ३० तारखेस एकमेकांच्या विमानांना आपापलें आकाश बंद केलें. पुढें ती मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. मुंबई-कराची थेट विमान तर त्याच्याही आधींपासून थांबलेलें होतें.

ह्या बंदीचीं कारणें खोटीं होतीं असें मला म्हणावयाचें नाहीं. निरपराध माणसांचें रक्त सांडलें असतां राष्ट्रानें दार लावून घेतलें, तर त्यास दोष कसा द्यावा? मी केवळ मास्तराच्या नात्यानें अंतराचा आणि वेळाचा हिशेब पुरा करतों.

सरळ वाट मोकळी असती, तर आजच्या विमानास मुंबईहून कराचीस दीड तास पुरा झाला असता. ती मोकळी नसतांना ज्याला तिकडे जाणें भाग आहे, त्याने काय करावें? त्यास दुबईसारख्या एखाद्या आखाती शहराचा आश्रय घ्यावा लागतो. मुंबई ते दुबई सुमारें १९३० किलोमीटर. दुबई ते कराची सुमारें १२००. म्हणजे ८७५ किलोमीटरांच्या जागीं ३१०० किलोमीटरांहून अधिक. उडण्याचे पांच तास, आणि मध्यें दुसऱ्या विमानाची वाट पाहण्याचे दोन किंवा अधिक. बेरीज सात तासांच्या पलीकडेच जाते. १९३२ सालीं बैलगाडींतून आलेलें पेट्रोल भरून, एका इंजिनाच्या विमानानें, होकायंत्राच्या भरंवशावर टाटा कराचीहून जुहूस आले, तेव्हां त्यांस सव्वासात तास लागले होते. नव्वदांहून अधिक वर्षें लोटलीं, विमानाचा वेग पांचपट झाला, आणि उतारूच्या घड्याळांत मात्र जवळजवळ तेवढाच वेळ पडतो!

ह्या वाटेची आठवण जागविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतही हीच कथा वाचावयास मिळते. १९६२ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं, जे. आर. डी. टाटांनीं ‘लेपर्ड मॉथ’ ह्या तशाच जुन्या विमानानें कराचीहून मुंबईपर्यंत तोच प्रवास पुन्हां केला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पन्नास वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ते पुनश्च एकटे कराचीहून निघाले, आणि अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. मधल्या काळांत दोन युद्धें होऊन गेलीं होतीं. तरी त्या दिवशीं त्या म्हाताऱ्या वैमानिकासाठीं वाट खुली होती. पुढें १५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आरोही पंडित ह्या मुंबईच्या तरुण वैमानिक स्त्रीनें, आधुनिक साधनांचा आधार न घेतां, लहानशा विमानानें हाच मार्ग आक्रमिला. तिनें उड्डाण केलें तें भूजहून. तेथून अहमदाबाद, आणि मग जुहू. कराची ते भूज हें हवाई अंतर सुमारें ३१० किलोमीटर. पुस मॉथला तें दोन तासांचेंही नव्हतें. पण ह्या वेळीं तेवढा तुकडा वगळूनच स्मरणयात्रा करावी लागली.

श्रोतेहो, मुलांच्या भूगोलाच्या वह्यांत मी पुष्कळ वर्षें अंतरें तपासलीं. किलोमीटर चुकला तर लाल शाईनें दुरुस्त करितां येत असे. वेळाचें उत्तर मात्र मुलांनीं नेहमीं अंतराला वेगानें भागून काढावें, आणि मींही त्यास पुरे गुण द्यावे. आतां वाटतें, त्या उत्तराखालीं एक ओळ लिहून द्यावयास हवी होती : वारा अनुकूल असेल, जमीन कोरडी असेल, आणि दोन्हीं टोंकांचीं माणसें वाट मोकळी ठेवतील, तर. पहिल्या दोहोंवर माणसानें यंत्रांच्या आणि सिमेंटच्या बळावर बरीचशी मात केली. तिसरें अद्याप बाकी आहे.

जुहूचें मैदान अजून आहे. मोठीं विमानें सांताक्रूझला गेलीं. जुहूस आतां मुख्यतः हेलिकॉप्टरें व लहान विमानें उतरतात. आपणांपैकीं कोणी त्या बाजूस फिरावयास गेलांत, तर क्षणभर वायव्येकडे तोंड करून उभे राहा. त्या दिशेस पावणेनऊशे किलोमीटरांवर एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नांवाची शाळा भरते आहे. घरीं मुलें असतील तर त्यांच्या हातीं दोरा देऊन पृथ्वीगोलावर हें अंतर एकदां मोजवून घ्या, एवढीच माझी विनंती आहे. दोऱ्यास परवाना लागत नाहीं.